षष्ठीचं पान

दर्शनाने वंशावळीचा कागद नम्रताच्या टेबलावर पसरला. एकच चौकट अर्धी होती. धोंडू, गिरणी कामगार. मृत्यूची जागा कोरी.

"ब्याऐंशीच्या संपात आजोबा लालबागच्या गावकीच्या खोलीतून, गावची माणसं मिळून राहायची तिथून, नाहीसे झाले. म्हणे वरळीच्या कोळणीबरोबर गेले. आजी अजून कुंकू लावते. तिला एवढंच हवंय, ते मेले की तिला टाकून गेले?"

"टाकूनच गेला असणार," टिपण घेणारे रघुवीरकाका पुटपुटले. हरवलेल्या माणसांचा माग काढणाऱ्या गिरगावातल्या त्या लहानशा कचेरीत ते नम्रताचे एकमेव सहकारी.

वरळी कोळीवाड्यात ती कोळीण, आता म्हातारी झालेली हिराबाई, सुकट निवडत होती.

"माझ्याबरोबर? अरे, माझा नवरा कोयता घेऊन बोटीवरून उतरला असता! धोंडू दोनदा बांगडे न्यायला आला, तिसऱ्यांदा आलाच नाय."

लालबागच्या त्या खोलीत आता धोंडूचा चुलतभाऊ उत्तम एकटाच राहत होता. माळ्यावर धोंडूची ट्रंक होती. तिच्यात तान्ह्या मुलाचं एक नवं झबलं, घडी न मोडलेलं.

"मेला की जिता, देवाला ठाऊक," उत्तम म्हणाला. "मेला असं धरून मीच म्हाळ घालतो. दर पितृपक्षात षष्ठीला त्याचं पान वाढतो. कावळा काय शिवत नाय."

"आणि तुमच्या वडिलांचं?" नम्रताने विचारलं.

"अष्टमीला. त्या तिथीला गेले ना ते."

"मायाळू माणूस," जिना उतरताना काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नम्रता दर्शनाला आणि तिच्या आजीला, गंगुबाईंना, घेऊन तिथेच आली.

"पळून जाणारा बाप बाळासाठी नवं झबलं घेऊन ठेवत नाही. पण ते सोडा. उत्तमराव, म्हाळ मेल्याच्या तिथीला घालतात. तिथी ठाऊक नसली तर सर्वपित्री अमावास्येला. तुम्हाला षष्ठी कुणी सांगितली?"

उत्तमने भिंतीला पाठ टेकली.

"पोर तापानं फणफणलंय, असं गावाहून पत्र आलं. तो चोरून कामावर निघाला. संप फोडतो म्हणून आम्ही चौघांनी अडवला. धाक घालायचा होता फक्त. मी ढकलला, मोरीच्या कट्ट्यावर डोकं आपटलं. श्रावणातली षष्ठी होती. खाडीत सोडला त्याला. कोळणीची गोष्ट माझीच. ते तिघे गेले, मी उरलो."

काकांचं पेन थांबलं. दर्शनाला रडू आवरेना.

गंगुबाईंनी पदराने कपाळ पुसलं. दोनदा पुसलं.

"माका टाकून नाय गेले," त्या म्हणाल्या. मग उत्तमकडे वळल्या. "भावोजी, परवा म्हाळाची षष्ठी. पान मी वाढतंय. कावळो शिवलो की चौकीवर चला."