दोन शब्दांमधली जागा

चहा होऊन बराच वेळ झाला तरी नाना खराडे खुर्चीतून उठले नव्हते. खिडकीच्या फळीवर उभ्या केलेल्या बोलपाटीवर एकच शब्द उमटला होता, "मला". त्यापुढे नुसती पांढरी जागा, आणि ती वाढत चालली होती.

"चहा पाहिजे परत?" मोनालीनं विचारलं. "पाणी? गोळी राहिली का? शाल देऊ?"

नानांनी डाव्या हातानं खुर्चीवर जोरात चापट मारली. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

नानांची बायको शालन, म्हणजे मोनालीची आई, उंबऱ्याजवळ हरभऱ्याची भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. कोवळी पानं खुडत राहिली. अर्धी बोलपाटी पांढरी झाल्यावर दुसरा शब्द उमटला, "चष्मा".

"नाकावर हाय तुमच्या," शालन म्हणाली.

नाना हसले. अर्ध्याच तोंडानं, पण पोटापासून.

आडसूळवाडीच्या आसपासच्या गावांत नानांना न ओळखणारा माणूस सापडला नसता. कुस्तीच्या मैदानाचे निवेदक म्हणून त्यांनी उभी हयात काढली. पैलवान मातीत उतरायच्या आधी नाना त्याचं गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या बापाची कुस्ती असं सगळं लोकांसमोर उभं करायचे, आणि कागदाचा कपटा हातात नसायचा. गेल्या वर्षी झटका आला. हात गेला, आणि वाचा तुटली. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. शब्द डोक्यात जागच्या जागी असतात, अर्थ शाबूत असतो, फक्त शब्दापर्यंत पोचायची वाट खचलेली असते. माणूस तोच असतो. पण लोक काय करतात? बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतात, नाहीतर तान्ह्याशी बोलावं तसं लाडानं. नानांना भेटायला आलेल्या प्रत्येकानं या दोन्हींतलं एक केलं आणि बाहेर पडताना हळहळला. त्या हळहळण्याची नानांना जास्त चीड होती.

मग बोलपाटी आली. तुटकं बोलणं ऐकून ती मजकूर लिहायची आणि तो मजकूर माणसाच्या स्वतःच्या जुन्या आवाजात वाचायची. नानांचा आवाज भरायला अडचण आली नाही, तालुक्यातल्या निम्म्या मोबाइलांत तो होता. अडचण वेगळीच निघाली. पाटी करणाऱ्यांनी ठरवलं होतं की माणूस बोलताना जेवढा थांबेल तेवढी रिकामी जागा मजकुरात सोडायची आणि वाचताना तेवढंच थांबायचं, म्हणजे बोलण्याची लय टिकते. चांगला विचार. धडधाकट माणसांचा विचार. नानांच्या पाटीवर "हलगी … … … वाजवा … … … रे" असं उमटायचं आणि पाटी ते इमानदारीनं तसंच वाचायची. पूर्वी आजारी माणूस अडखळत होता. आता मैदान गाजवलेला तो आवाजच अडखळायला लागला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शालन उठून मागच्या दारी गेली होती.

जत्रा चैत्रात. पौष संपता संपता जत्रा कमिटीचे अध्यक्ष धनाजीराव घरी आले. शाल आणली होती. बसले, पाटीकडे बघितलं, आणि नानांशी न बोलता मोनालीशी बोलले.

"आवाज भरलेलाच हाय न्हवं हिच्यात? मग झालं की. मजकूर आमचा एकजण लिहून देईल. नानांनी फेटा बांधून स्टेजवर बसायचं. लोकांना वाटंल नानाच बोलत्यात."

"आणि नाना काय करणार?" मोनालीनं विचारलं.

"काय करायचं न्हाई. मान हलवायची."

"म्हणजे गणपती बसवायचा."

"अगं, मान देतोय आम्ही!"

"मान हलवायचा मान."

नानांच्या तोंडून काहीतरी येत होतं. पाटीवर "मी" उमटलं. मग पांढरं. मग "बोलणार". मग पुन्हा पांढरं, आणि धनाजीराव घड्याळ बघत उठले.

"पाडव्यापर्यंत बघू. सरळ बोलायला लागले तर माझी ना न्हाई. पण दहा हजार माणूस ताटकळत बसत न्हाई, मोनाली."

मोनालीचं पोटापाण्याचं कामच मुळी रिकाम्या जागांचं होतं. जुन्या फॉन्टमधली मराठी पुस्तकं नव्या फॉन्टमध्ये आणली की मजकुरात जागोजाग भोकं पडतात. एका शब्दानंतर दोन जागा, कुठं पाच, कुठं स्वल्पविरामाच्या आधीच एक. पुण्याचा एक प्रकाशक तिला असा मजकूर पाठवायचा आणि ती तो साफ करून द्यायची. हातानं नाही, तोंडानं. तिनं स्वतःच्या आज्ञा बांधून ठेवल्या होत्या. "झाडून घे" म्हटलं की पानभर जास्तीच्या जागा गायब. तिच्या लेखी जास्तीची जागा म्हणजे कचरा. तिनं तोच झाडू नानांच्या पाटीला बांधला.

नाना बोलले, पाटीनं लिहिलं, सगळं झाडलं आणि वाचलं. "मैदान सुरू होत आहे हलगीवाले तयार राहा पंचांनी मैदानात यावं पोरांनी झाडावरनं खाली उतरावं."

"ह्ये काय गं?" शालन म्हणाली. "स्टँडवरची बाई गाड्या सांगतीया तसं वाटतंय."

नानांनी कानावर हात ठेवला होता. वाक्य कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं, तेही झाडलं गेलं होतं.

मग मोनाली नीट बसली. पाटीला साध्या मराठीत समजावून सांगितलं की ती आपली आपण आज्ञा बांधून घेते. "सलग कर असं ऐकलंस की तेवढ्या वाक्यातच बघायचं. दोन शब्दांमध्ये एकाहून जास्त जागा असतील तर एकच ठेवायची. वाक्याच्या शेवटच्या जागेला हात लावायचा नाही. मग वाचायचं." म्हणजे नाना निवांत, तुकड्यातुकड्यानं वाक्य पुरं करणार, मनासारखं झालं की "सलग कर" म्हणणार, आणि मगच आवाज बाहेर पडणार. तिनं स्वतःच्या तोंडानं आज्ञा देऊन बघितली. झकास चाललं.

"नाना, आता तुम्ही म्हणा."

नानांनी वाक्य जुळवलं. छान जुळवलं. मग म्हणाले, "स…" कपाळावरची शीर उभी राहिली. "सल… … … ग…"

पाटीनं निमूटपणे ते मजकुरातच लिहून घेतलं. आज्ञा म्हणून ओळखलंच नाही.

मोनालीनं कपाळावर हात मारला. भोकं बुजवायची आज्ञा भोकं न पाडता म्हणायची होती, आणि तेवढंच तर त्यांना येत नव्हतं. तिनं दुसरे शब्द बघितले. "चल." "हां." "वाच." साधे एका घासाचे शब्द, पण मागितले की येईनात. शब्द मागून यायचा नाही हीच तर या आजाराची खोड.

"मी म्हणते ना तुमच्या वतीनं. तुम्ही बोट वर करा, मी म्हणते सलग कर."

नानांनी मान हलवली. नाही.

"किंवा पुरं कर म्हणते." ही आज्ञा पाटीत आधीपासूनच होती. माणूस अडकला की पुढचे शब्द पाटी फिक्या अक्षरांत सुचवायची, आणि "पुरं कर" म्हटलं की स्वतःच बोलून टाकायची. "बहुतेक वेळा बरोबर असतं, नाना. एवढा हट्ट कशाला? वाक्य कुणी का पुरं करेना, तुमचंच असतं ना?"

स्टीलचा तांब्या भिंतीवर आदळला.

"आयच्या गावात!" नाना गरजले.

मोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातूनच तिला पाटी दिसली. "आयच्या गावात". मधे एकही जास्तीची जागा नाही. सणसणीत, सलग.

"आई," ती हळूच म्हणाली, "शिवी अख्खी आली."

"मग? रोजच येती," शालन तांब्या उचलत म्हणाली. "पोचा आला बघ ह्येला."

सांगलीच्या वाचाउपचारक मुजावर मॅडम फोनवर आधी पोटभर हसल्या. "असतं तसं. शिव्या, आरत्या, पाढे, हे मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. शब्द शोधावा लागत नाही, तो सांडतो. तुझ्या नानांची ती वाट शाबूत आहे. वापर की!"

मोनालीनं आज्ञा नव्यानं बांधली. "आयच्या गावात असं ऐकलंस की वाक्यातल्या जास्तीच्या जागा काढायच्या, ती शिवीही काढायची आणि वाचायचं." पहिल्या खेपेला शिवी काढायचं सांगायची राहून गेली होती. तेव्हा नानांच्या भरदार आवाजात "पंचांना विनंती आहे, आयच्या गावात" असं घरभर घुमलं, आणि शालन भिंतीला टेकून तोंडात पदर घालून हसली. वर्षभरात ती अशी हसली नव्हती.

एक प्रश्न मात्र मोनालीला सुटला नाही. तिनं मॅडमना विचारला होता. "माणूस मुद्दाम थांबलाय की अडकलाय, हे पाटीला कळेल असं काही करता येईल?"

मॅडम या वेळी हसल्या नाहीत. "दोन्हीकडं पाटीवर सारखीच पांढरी जागा असते. मेंदूचं चित्र काढलं तर कदाचित दिसेल. पण मैदानात माणसाला स्कॅनच्या नळीत कसं झोपवणार? तू लेक आहेस त्यांची. तुला कळतं का?"



पाडव्याला धनाजीराव आले. नाना पाटीकडं तोंड करून बराच वेळ झगडले. मग म्हणाले, "आयच्या गावात!" धनाजीराव दचकून उठायला लागले, तोवर पाटीतून तो आवाज आला, लहानपणी झाडावर बसून त्यांनी ऐकलेला.

"धनाजी, बापासारखी कुस्ती तुला जमली नाही, निदान पोट तरी कमी कर."

धनाजीराव पुन्हा बसले. रुमाल काढला, घाम पुसल्याचं नाटक करत डोळे पुसले. थेट नानांकडे बघून बोलले, वर्षात पहिल्यांदा. "नाना, मैदान तुमचं. पण शेवटच्या कुस्तीला अडकलात तर? मानाचा निकाल हाय. मोनाली, तेवढ्याला तू पुरं कर म्हणायचंस. शब्द दे."

नानांनी मोनालीकडे बघितलं. ती नजर तिला समजली नाही.

"देते," ती म्हणाली.

मैदानाच्या दिवशी ऊन उतरल्यावर माती लाल दिसायला लागली. नाना फेटा बांधून बसले. ते बोलायचे ते पाटीला, भोंगे फक्त पाटीला जोडलेले होते, त्यामुळे शिव्या स्टेजवरच राहत होत्या. पंच बिचारे दर वाक्याला बिचकत होते. पण जोड्या लागत होत्या, हलगी कडाडत होती, आणि नाना बोलत होते. पैलवानाचं गाव. त्याचा वस्ताद. त्याच्या बापाची कुस्ती. लोक टाळ्या वाजवत होते त्या आवाजाला की त्या माणसाला, हे मोनालीनं स्वतःला विचारलं नाही. वेळच नव्हता.

शेवटची कुस्ती अर्धा तास चालली. दोन्ही पैलवान एकमेकांत गुंतून एकदमच कोसळले, धूळ उडाली, आणि खाली कुणाची पाठ लागली ते कुणालाच दिसलं नाही. पंच एकमेकांशी बोलले. मग एकजण धावत स्टेजवर आला आणि त्यानं नानांच्या कानात नाव सांगितलं. शेजारी बसलेल्या मोनालीनं ते ऐकलं. पाटीनंही ऐकलं.

नानांनी शब्द जुळवले. सवयीची शिवी आली. भोंगे गरजले.

"आडसूळवाडीच्या मैदानाचा यंदाचा मानकरी…"

आणि पाटीवर पांढरी जागा सुरू झाली.

हलगीवाल्यानं काडी वर धरली होती, ती तशीच राहिली. मैदानात माणसं उठून उभी राहत होती. पाटीनं नाव फिक्या अक्षरांत लिहून तयार ठेवलं होतं, नुसतं "पुरं कर" म्हणायचा अवकाश. लांबून धनाजीराव हात करत होते. म्हण, म्हण.

मोनाली लहान असताना नाना असेच थांबायचे. निकालाच्या नावाआधी. इतके थांबायचे की पाठीमागचे म्हातारे ओरडायचे, नाना, जीव घेता का राव! आणि मग ते नाव पडायचं, आणि सगळं मैदान एकदम फुटायचं. त्या थांबण्यासाठी माणसं गावोगावाहून यायची.

पण चष्मा मागतानाही ते एवढेच थांबायचे.

तिनं नानांच्या तोंडाकडं बघितलं. एक बाजू आजारानं सैल झालेली, दुसरी फेट्याच्या शेमल्याआड. ओठ हलत नव्हते. पांढरी जागा पाटीच्या निम्म्यावर आली. पोरं झाडावर गप्प बसली होती. इतकी माणसं इतकी गप्प बसलेली तिनं कधी ऐकली नव्हती. अवघडून बसली होती की जीव टांगून, तेही तिला कळेना. तिचे ओठ "पु"साठी मिटले.

मागं शालन बसली होती. नानांच्या पाठीवर हात टेकवून.

"आई," मोनाली कुजबुजली, "थांबलेत की अडकलेत?"

शालननं मैदानाकडं बघितलं, मग नवऱ्याच्या फेट्याकडं. हात पाठीवरून काढला नाही.

"मला तरी कुठं कळतंय?" ती म्हणाली. "पण तुला एवढी कसली घाई झालीय गं?"