मोन्सिन्योरचा उंबरा

खर्र... खर्र...

दुपारची जेवणं उरकून सगळं पालेर्मो निजलं होतं, तेव्हा तो आवाज आला. चीज किसताना येतो तसा.

निन्फा पलंगावर उठून बसली. घरात ती आणि पाच वर्षांची मेला, दोघीच. आणि किसणी तर तिने काल स्वतःच्या हाताने लपवली होती.

निन्फा माझी भावजय. हे तिच्यासोबत घडलं, २ नोव्हेंबर १९९८ ला, भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावर. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी अजूनही त्या घरात एकटी थांबत नाही.

आमच्याकडे त्या दिवशी, मृतांच्या सणाला, घरातले मेलेले लोक मुलांसाठी साखरेच्या बाहुल्या आणतात. वर्षभर छळणाऱ्या पोरांचे तळपाय मात्र ते किसणीने किसतात, म्हणून आदल्या दिवशी किसणी दडवायची. बाहुली अर्थात आईबापच ठेवतात.

निन्फाचे वडील साव्हेरियो त्याच वसंतात गेले होते. गवंडी माणूस. नातीवर भारी जीव. ती आजोबांना नान्नू म्हणायची. "नान्नू मला बाहुली आणणार," एवढं एकच मेलाने महिनाभर धरून ठेवलं होतं.

निन्फाने बाहुली कपाटामागे ठेवली...

सकाळी नव्हती.

"तूच कुठंतरी ठेवलीस आणि विसरलीस," माझा भाऊ म्हणाला.

"हो, आणि डोकंही तिथंच विसरले!"

तो तणतणत कबरस्तानात गेला. मेला रडून रडून झोपली.

खर्र... खर्र...

आवाज घरातला नव्हता. दाराबाहेरून येत होता.

किसणी लपवली होती त्या कपडे धुण्याच्या मशीनमध्ये निन्फाने हात घातला. तळापर्यंत चाचपलं. किसणी नव्हती.

तिने दार उघडलं.

आवाज थांबला...

जिन्यात कुणी नाही. उंबऱ्याबाहेर किसणी पडलेली. तिच्या दातांत चुना, आणि काहीतरी ओलं.

शेजारी बाहुली. अख्खी.

आणि चर्चमध्ये येतो तसा धुपाचा वास.

खालच्या मजल्यावरची ऐंशी वर्षांची दोन्ना पिप्पिना कठडा धरून वर येत होती. "वास आला म्हणून आले. मोन्सिन्योर भडकलेत गं."

"कोण मोन्सिन्योर?"

"ओत्ताव्हियो रोक्कास्पार्ता. खानदानी माणूस, त्यात मोठे पाद्री. आपली इमारत आहे ना, इथंच त्यांचा महाल होता. मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. साठ साली पुतण्याने परस्पर विकला. पाडायला माणसं आली तर हे उंबऱ्यात आडवे झाले. 'आधी माझ्यावरून जा' म्हणाले. मजुरांनी उचलून रस्त्याकडेला ठेवलं त्यांना. आठवड्यात गेले."

"मग माझ्या दारात काय काम त्यांचं?"

म्हातारीने किसणीतल्या चुन्याकडे बोट दाखवलं.

"उचलताना पाय तुझ्या बापाने धरले होते, पोरी."

निन्फाला आठवलं... बाप या घरात एकदाही आला नव्हता. तीन मजले चढायचा, दारातूनच मेलाच्या हातात खाऊ द्यायचा. "बुटांना चुना लागलाय," म्हणायचा, "घर घाण होईल."

तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

"एकोणीस वर्षांचा होता तो! पोटासाठी दगड वाहत होता!" ती रिकाम्या जिन्यावर ओरडली. "सही तुमच्या पुतण्याने केली, मोन्सिन्योर! जा की त्याच्या दारात! तिथं नाही हिंमत होत? गवंड्याचे तळपाय तेवढे सापडले तुम्हाला? व्हा बाजूला! माझ्या बापाला आत येऊ द्या!"

धुपाचा वास दाट झाला...

खर्र...

तिच्या अगदी पायाशी. किसणी जागची हललीही नव्हती.

पिप्पिनाने छातीवर क्रुसाची खूण केली आणि ती मागे न बघता खाली उतरली.

निन्फा वळली. मेला उठून मागे उभी होती. अनवाणी.

पोरीने बाहुलीकडे पाहिलंच नाही. ती उंबऱ्याबाहेर बघत होती, जिथे कुणीच नव्हतं.

"नान्नू, रडू नको ना," ती हळूच म्हणाली.

मग बराच वेळ ऐकत राहिली...

शेवटी तिने आईचा झगा ओढला.

"मम्मा, नान्नू म्हणतो, उंबऱ्यात झोपलेल्या त्या आजोबांचं बरोबर आहे. मग आपण त्यांच्या घरात का राहतो?"