हलक्या पायाचा माणूस

ट्रक उतारावरून येताना तिला दिसला होता, पण तो थांबणारच नाही असं काही तिच्या मनात आलं नव्हतं. नुकतीच एक सर येऊन गेली होती. रस्त्यात डबकी साचली होती आणि ती गॅरेजच्या दारातल्या पिंपाशी हात धूत उभी होती. निळा, गोल नाकाचा, कुणाच्या तरी आजोबांच्या वयाचा ट्रक. मागे रोपांच्या कुंड्या खच्चून भरलेल्या. चालवणारा ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला होता... ट्रक डावीकडे ओढला गेला आणि त्यानं पिंपाला अशी ढुशी दिली की सगळं पाणी तिच्या अंगावर!

"डोळे घरी ठेवून निघालात का?" ती ओरडली.

तो खाली उतरला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लालेलाल. "दाबला होता हो... अगदी जीव खाऊन दाबला. थांबलाच नाही."

"ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी गेलं की नाहीच थांबत. थोडं तुमच्या ड्रममध्ये, बाकीचं माझ्या डोक्यावर!"

त्यानं खिसे चाचपले, ट्रकमध्ये डोकावून पाहिलं, आणि शेवटी मागून एक कुंडी काढून तिच्यापुढे धरली. "टॉवेल नाहीये माझ्याकडे... मोगरा आहे."

भिजलेल्या माणसाला रोप देणारा प्राणी तिनं आजवर पाहिला नव्हता. दोन-चार चांगल्या शिव्या ओठांवर आल्या होत्या, त्या हसण्यात वाहून गेल्या.

गॅरेज तिच्या मामाचं. शाळेत असल्यापासून ती इथेच पाने-पकडी उचलत, ऑइल पुसत मोठी झाली. मामानं ट्रकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पोरी, हे काम तू एकटीनं कर. मी हात लावणार नाही. नीट झालं तर पलीकडची शेड तुझी." ती शेड तिच्या स्वप्नात यायची. आत आपलं टेबल कुठे ठेवायचं, हेसुद्धा तिनं ठरवून टाकलं होतं.

काम साधं नव्हतं. पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचे, पण चाकं मात्र तीच जुनी ठेवायची.

"नवी चाकं घाला ना, सोपं जाईल," ती म्हणाली.

"आजोबा रोज सकाळी त्या चाकांवरून हात फिरवतात. बदललेली दिसली तर जेवण सोडतील."

"मग एवढ्या जागेत डिस्क मावायची कशी?"

"ते... तुम्ही बघितलंत तर मावेल, असं वाटतं."

"लोणी लावताय?"

"नाही हो. लोणी लावता आलं असतं तर परवा मोगरा दिला नसता."

भाड्याच्या टेम्पोनं रोपं पोचवून झाली की तो गॅरेजवर यायचा आणि मामानं चहा पाजून घालवेपर्यंत थांबायचा. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो जाड लोखंडी ठोकळा असतो, तो कॅलिपर, जुन्या चाकाच्या पोटात घासतोय का ते बघायला तिची एक युक्ती होती. घरून कणकेचा गोळा आणायचा, कॅलिपरवर थापायचा, चाक चढवून हातानं फिरवायचं आणि उतरवून बघायचं. कणीक जिथे खरवडली गेली, तिथे लोखंड घासणार. मग तेवढी कड कानशीनं उतरवायची. आईच्या परातीतली कणीक रोज कमी होत होती, आणि आई रोज तिच्याकडे जरा जास्तच बघत होती.

अखेर एके दिवशी कणीक जशीच्या तशी राहिली. चाक सुटं, मोकळं फिरलं. दोघंही लहान मुलांसारखी हरखली.

"तुमच्या नाकाला कणीक लागलीय," तो म्हणाला.

"कुठे?"

त्यानं हात पुढे केला... आणि मध्येच मागे घेऊन स्वतःच्याच नाकावर बोट ठेवलं. "इथे."

तिला उगाचच घाम फुटला. कणीक खरवडून पुसायला दोन्ही कॅलिपर तिनं खाली उतरवले होते. ते उचलले आणि खाली मान घालून भराभर आवळून टाकले. नजर वर करायचीच नव्हती, त्यामुळे हात फारच वेगात चालले.

मग ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली. हे काम दोघांचं. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली झोपून कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडले की पेडल कडक होतं. तो वर, ती खाली, मध्ये ट्रकचा पत्रा.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा... सोडा."

"खाली थंडी नाही ना वाजत?"

"गप्पा नंतर. दाबा."

"बोललं की जास्त जोर येतो मला."

ती खाली एकटीच हसायची. पण पेडल काही कडक होईना. पाय ठेवला की उशीत जावा तसा आत जायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मामा येऊन उभा राहिला, समोरचा सलूनवाला कात्री हातात घेऊन उभा राहिला, आणि तिचा तोल गेला.

"मी काय करू? यांचा पायच हलका आहे! नीट दाबतच नाहीत!"

सलूनवाल्याच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्यावर त्याचं नाव 'हलका पाय' पडलं. तो रस्त्यानं जाताना कुणीतरी हळूच म्हणायचं, "जपून हो, वाऱ्यानं उडाल." तो ओशाळून हसायचा. असेच चार दिवस गेले. चौथ्या संध्याकाळी पत्र्याआडून त्याचा आवाज आला, "घरी उशीवर सराव करतोय मी. उद्या जमेल बहुतेक... माफ करा, माझ्यामुळे तुमचं काम अडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो यायच्या आधी, ती चाकाशी बसली होती. सहज बोटानं तो हवेचा स्क्रू चाचपायला गेली आणि बोट खालच्या अंगाला गेलं.

खाली? तो तर वर असायला हवा. हवा वर चढते, म्हणून स्क्रू वर. मामानं तिला शिकवलेली पहिलीच गोष्ट. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे! कणीक, नाक आणि ते मागे घेतलेलं बोट... त्या गडबडीत तिनं अदलाबदल करून ठेवली होती. हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसली होती. आणि ती मात्र त्या बिचाऱ्याला दाबायला लावत होती, वर त्याच्याच पायाला नावं ठेवत होती.

लाजेनं तिच्या कानशिलांत आग झाली. सांगून टाकावं... पण मामा? शेड? आणि तो सलूनवाला? तिनं इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं गुपचूप दोन्ही कॅलिपर बदलले, हात पुसले आणि काही झालंच नाही अशी उभी राहिली.

तो आला. दाबा, धरा, सोडा. हवा भसाभस निघाली आणि पेडल दगडासारखं झालं.

"जमलं!" तो वरून ओरडला. "अहो, जमलं मला! उशीचा उपयोग झाला!"

मामानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शेडची किल्ली तिच्या हातात ठेवली. किल्ली तिला गरम तव्यासारखी लागली. तो इतका खूश होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. बाकीचे बाजूला गेल्यावर तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला एक विचारायचं होतं. हलक्या पायाच्या माणसाला तोंड नव्हतं विचारायला. आता विचारू?"

तिला नुसतं "विचारा" म्हणता आलं असतं. तिचं सगळं मन तेच म्हणत होतं. पण त्या आनंदाच्या बुडाशी आपलं खोटं बसलंय, हे तिला सहन होईना. ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली. हळू बोलली असती तर धीर सुटला असता.

"मामा, यांचा पाय चांगलाच आहे. चूक माझी होती. कॅलिपर मी उलटे बसवले होते, डावा उजवीकडे. आज सकाळी गुपचूप बदलले. चार दिवस यांना लोक हसले ते माझ्यामुळे... आणि मी हसू दिलं."

कात्रीचा आवाज थांबला. मामा बघतच राहिला. "स्क्रू खाली?"

"खाली."

"अगं, हे तर तुला..."

"पहिल्याच दिवशी शिकवलं होतंत." तिनं किल्ली त्याच्या हातात परत ठेवली. मामानं ती निमूट खिशात टाकली. सलूनवाला हसलासुद्धा नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. पण सगळ्यात जास्त लागलं ते ट्रकवाल्याकडे बघून. त्याचे कान पुन्हा पहिल्या दिवसासारखे लाल झाले होते. तो वळला आणि ट्रककडे चालू लागला.

संपलं, ती मनात म्हणाली. धरणी पोटात घेईल तर बरं.

ट्रकचा दरवाजा वाजला. तिच्या बाजूचा. त्यानं तो आतून ढकलून उघडा धरला होता.

"बसा."

"मी?"

"ज्यानं ब्रेक बसवला, त्यानं पहिल्या फेरीला शेजारी बसायचं. तुमच्याच गॅरेजचा नियम ना?"

"माझ्या हातच्या ब्रेकवर... आता तुम्ही उतारावरून जाणार?"

"आता तर नक्की. आता स्क्रू कुठे आहे ते ठाऊक आहे मला."

ती बसली. दोघं उताराच्या माथ्यापर्यंत गेली, ट्रक वळवला, खाली निघाली. खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"राग आलाय ना?" तिनं विचारलं.

"आलाय. चार रात्री उशी तुडवली मी. ती उशी आजोबांची होती. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मग सांगावंच लागलं."

"काय सांगितलंत?"

"की एक मुलगी मला फार आवडते... आणि ती म्हणते माझा पाय हलका आहे."

तिनं झटकन मान वर केली. तो समोर रस्त्याकडे बघत होता, पण लाल झालेले कान बोलत होते. "आजोबा म्हणाले, चाकं तीच ठेवतेय ना? मग विचार तिला. तेच विचारायचं होतं मघाशी... ते अजून विचारायचंच आहे."

"एवढं सगळं होऊनही?"

"गुपचूप ठेवलं असतंत तर मला कधीच कळलं नसतं. हे मी आयुष्यभर विसरणार नाही. राग काय, दोन दिवसांत जाईल."

उतार संपत आला होता. गॅरेजच्या दारात पिंप उभं होतं, काठोकाठ भरलेलं. पिंपाशी मामा, आणि मामाच्या शेजारी सलूनवाला.

"दाबा," ती म्हणाली.

त्यानं दाबलं. ट्रक इकडे ना तिकडे, सरळ रेषेत, पिंपापासून वीतभर अंतरावर थांबला. पाणी हललंही नाही. त्यानं इंजिन बंद केलं आणि तिच्याकडे वळला. "मग... काय म्हणता?"

"हो," ती म्हणाली. इंजिन बंद झाल्यामुळे ते सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. सलूनवाल्यानं मामाकडे पाहिलं. मामानं खिशातली किल्ली चाचपली, "आधी सहा महिने काम बघीन!" असं जोरात म्हणाला आणि तोंड फिरवून हसला.

ती पुन्हा कानशिलांपर्यंत लाल झाली. पण या वेळी तिनं मान खाली घातली नाही.