पावातून पाऊण

सकाळी टाचणीने दुकान उघडलं, तर तिच्या कापड कापायच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले!

"कोण आहे?" तिने कात्री उगारली.

"नवा भाडेकरू!" धुळीने माखलेलं एक डोकं वर आलं. हातात टेप. "पुस्तकं बांधतो मी. मालकीणबाईंनी किल्ली दिली. तुम्ही त्यांना साडेपाच फूट जागा उरते म्हणालात म्हणे... पण माझं पाच फुटांचं टेबल मावत नाहीये."

टाचणी पडदे शिवायची. अंगाने बारीक, जिभेने टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणत. दुकानाच्या खोलीत मधे फळ्यांची भिंत घालून एक भाग भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा हिशोब तिनेच केला होता.

"खोली सव्वाबारा फूट. माझे पावणेआठ. उरले साडेपाच," ती ठसक्यात म्हणाली.

"साडेचार. मोजा हवं तर."

तिने मोजलं. साडेचारच!

"मग एक फूट गेला कुठे?"

तिला राहवेना. कागदाची लांब पट्टी जमिनीवर पसरून ती बसलीच. तोही शेजारी टेकला. त्याच्या बाह्यांना खळीचा वास होता.

"बारातून सात गेले, पाच. पावातून पाऊण जात नाही, म्हणून मी पाऊणमधून पाव काढला... अर्धा."

"म्हणजे उलटंच!" तो हसला. "पावाला कमी पडतंय ना? मग शेजारच्या बाराकडून एक उसना घ्यायचा."

"आणि तो देतो?"

"मागितलं तर... देतो."

त्याने एका फुटाचे चार तुकडे केले. चार पाव, आधीचा एक, झाले पाच. त्यातले तीन तिने उचलले. उरले दोन, म्हणजे अर्धा. बाराचे आता अकरा, त्यातून सात गेले, चार.

"साडेचार!" ती पुटपुटली. "पुन्हा दाखवा."

समजलं तर होतं. पण त्याची बोटं पट्टीवरून फिरताना बघत राहावंसं वाटत होतं.

भिंत घालायला सुतारकाका आठवड्याने येणार होते. तोवर टेबल राहिलं, अर्धा फूट तिच्या हद्दीत घुसून. "पुस्तकंही शिवतात?" ती विचारायची. "पडद्याला चुण्या कुठे घालायच्या, ते कसं कळतं?" तो विचारायचा. प्रश्न काही संपेनात.

मग सुतारकाका फळ्या घेऊन आले. त्याने खळीचा डबा उचलला.

"पुलापलीकडे खोली मिळतेय. अंधारी आहे, पण टेबल मावेल."

टोकदार जीभ नेमकी आज बोथट झाली.

"थांबा ना..."

"इथे मावत नाही मी."

"भिंत घातली तर ना!" ती दारात आडवी उभी राहिली. "मला नकोय भिंत. मला... तू हवा आहेस इथे."

'तू' कधी निसटलं, तिलाच कळलं नाही. कान तापले. त्याने डबा हळूच खाली ठेवला.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"तेच... तू."

सुतारकाका खोकले. "अगं, मग या फळ्यांचं करू काय?"

"बाक करा, काका," त्याच्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "दोघांना बसता येईल असा."