आवाज नीट येतोय ना?

"याचे कान कुणी बुजवले?"

काउंटरमागच्या तरुणाने प्लेअर उलटासुलटा करत विचारलं. प्लेअर काडेपेटीहून जरासा मोठा, करडा, कडांचा रंग उडालेला. त्याचा पडदा एका ओळीपुरताच होता. इयरफोनची पिन जिथे जाते, त्या भोकात पांढरंशुभ्र प्लास्टर घट्ट बसलं होतं.

"माझ्याच हातून पडला," ती म्हणाली. "प्लास्टरच्या वाडग्यात."

"भिंत बांधत होतात?"

"कवळी."

"कवळी म्हणजे… दातांची?"

"मग काय, नाकाची?"

तो हसला. सवयीने तिची नजर त्याच्या दातांकडे गेली. खालचा एक दात जरा वाकडा होता. तो तसाच राहावा, असं तिला उगाचच वाटून गेलं.

मागच्या गल्लीत दातांची लॅब होती, तिथे ती कामाला होती. साचे ओतायचे, मेणात दात लावायचे, घासून गुळगुळीत करायचे. हात गुंतलेले, कान मोकळे. त्या मोकळ्या कानांसाठी हा प्लेअर. तो मूळचा तिच्या वडिलांचा. डोळे अधू झाल्यावर ते त्यावर पुस्तकं ऐकत. त्यात आवाज भरायचीही सोय होती, आणि ते लेकीसाठी निरोप भरून ठेवत – 'दूध उतू गेलंय, आईला कळायच्या आत ये.' पण पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आलं की ते थांबत, तिला हाक मारत, आणि वायरीचं एक टोक तिच्या कानात देत. शेवट एकट्याने ऐकू नये, म्हणत. शेजारी कुणीतरी हवं.

वडील गेले. प्लेअर राहिला.

"परवा या," तो म्हणाला.

ती परवा गेली. भोक स्वच्छ झालं होतं. तिने इयरफोन कानाला लावले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"मी सातव्या प्रकरणात होते. हा नवव्यात कसा गेला?"

"तपासायला नको का, आवाज नीट येतोय का ते?"

"दोन प्रकरणं तपासलीत?"

"आवाज…" त्याने मान खाली घातली, "फारच नीट येत होता."

आतून मामांचा आवाज आला. दुकान त्यांचं होतं आणि हा त्यांचा भाचा. साऱ्या गल्लीचा तो भाचाच झाला होता. "अहो, विचारा त्याला, काल दुपारपासून एक तरी घड्याळ उघडलंय का! कानात वायर खुपसून समाधी लावून बसलाय नुसता!"

खरं तर तिने रागवायला हवं होतं. तिने विचारलं, "मग? नवव्यात काय झालं?"

"सांगू?"

"नको! खबरदार सांगाल तर!"

असं ते सुरू झालं. कामावरून घरी जाताना ती प्लेअर त्याच्याकडे देई, सकाळी जाताना परत घेई. दिवसा ती ऐके, नंतर तो. त्याने फक्त एवढंच करायचं, की देताना तिची जागा पुन्हा लावून ठेवायची.

"तुम्हाला फोनवर ऐकता येतं की," ती एकदा म्हणाली.

"फोनवर मधेच मामा येतो. सेल आण, पाना कुठे ठेवलास… यात कसं, कुणी येत नाही."

"मी येते ना. रोज सकाळी, मागायला."

"तुम्ही…" स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातातून घरंगळला.

पहिल्या पुस्तकाचा शेवट आला तेव्हा तिने भीत भीत वडिलांची रीत सांगितली. दुकानाबाहेर एक लाकडी बाक होता. दोघं त्यावर बसली. उजवं टोक तिच्या कानात, डावं त्याच्या. वायर इतकी आखूड, की तो जरा मागे रेलला तरी तिच्या कानातलं टोक निसटे.

"वायर फार आखूड आहे हो."

"लांब देऊ का? दुकानात आहेत."

तिने पुढे आलेल्या बटा कानामागे सारल्या. "नको… हीच बरी आहे."

शेवट झाला. मग तिने हळूच विचारलं, "पुढचं कोणतं?" आणि तो लगबगीने उठून नवं पुस्तक भरायला आत गेला. पुढे तीच पद्धत पडली. शेवट बाकावर, आणि शेवटानंतर पहिलं बोलणं हेच – पुढचं कोणतं?

एके दिवशी तो म्हणाला, "मला नोकरी लागतेय. दुसऱ्या शहरात. ऐकू न येणाऱ्यांना कानाची यंत्रं लावतात ना, त्या कंपनीत."

"अरे वा," ती म्हणाली. तिने वायर उगाचच बोटाभोवती गुंडाळली.

"म्हणजे म्हातारपणी आपलं बरं चालेल," तो बाकाच्या फटीतला धागा ओढत म्हणाला. "दात तुमच्याकडे, कान माझ्याकडे."

"आणि डोळे?"

"मिटून घेऊ. पुस्तकं तर ऐकायचीच आहेत."

'आपलं' म्हणाला होता तो. ती घरी गेली, जेवली, भांडी घासली, आणि तो एक शब्द तिच्याबरोबर घरभर हिंडला. आई म्हणालीसुद्धा, "गालातल्या गालात काय हसतेस गं? कानात आज वायर तर नाही तुझ्या." पण पुढे तो काही बोलला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणारी ती, तिच्या स्वतःच्या तोंडात शब्द म्हणून बसेना.

जायचा दिवस उजाडला तेव्हा एक पुस्तक संपत आलं होतं. बोटीवरच्या एका सुताराची गोष्ट. त्याची बायको धक्क्यावर वाट बघत असते, आणि तो परत येतो की नाही, ते शेवटच्या प्रकरणात कळणार होतं. हा शेवट बाकावर ऐकायचा, आणि मग तो काहीतरी बोलेल, किंवा आपण बोलू, असं मनाशी ठरवून ती लॅबमधून लवकर निघाली.

तो बॅग घेऊन उभाच होता. त्याने प्लेअर तिच्या हातात दिला. वायर गुंडाळून तिला रबरबँड लावला होता.

"शेवट… तुम्ही ऐका. एकट्याने."

"एकट्याने?"

"हो. आणि मला सांगा. नक्की सांगा." त्याने वर पाहिलं नाही.

"बाकावर बसायलाही वेळ नाही?"

"गाडी आहे."

"अरे, गाडीला अजून अवकाश आहे!" आतून मामा ओरडले.

त्याचे कान लाल झाले, आणि तो निघालाच. ती रबरबँडकडे बघत राहिली. आपण घेतलेली वस्तू परत करताना अशी नीट गुंडाळून देतो, असं तिला वाटलं. रीत त्याने मोडली होती. तिने ती मोडायची नाही, असं ठरवलं. त्यात थोडा रुसवा होता, आणि थोडी आशाही असावी. शेवट शिल्लक आहे तोवर तो ऐकायला त्याला यावंच लागेल. प्लेअर तिने तसाच कपाटात ठेवला. नवं काही ऐकलं, तर आपली जागा हलेल असं तिला वाटे.

काही आठवड्यांनी दुपारी लॅबमध्ये त्याचा फोन आला. तिच्या बोटांना मेण लागलं होतं.

"ऐकलंत?" त्याने आधी तेच विचारलं. धाप लागल्यासारखा आवाज.

खरं उत्तर तिच्या जिभेवर होतं – नाही ऐकलं, तुमच्यासाठी ठेवलंय. पण ते सांगणं म्हणजे सगळंच सांगणं. आणि तो तर एकट्याने ऐका म्हणून मोकळा झालेला. मग आपणच का आधी?

"ऐकलं की," ती म्हणाली.

"सगळं? अगदी शेवटपर्यंत?"

"अगदी शेवटपर्यंत."

"मग…?"

"मग काय? ठीक होता. असतो तसा शेवट."

पलीकडे एखाद्या यंत्राची बारीक शिट्टी वाजत होती. मग ती शिट्टी थांबली.

"रागावला नाहीत ना?"

"रागवायचं काय त्यात? गोष्टच ती."

"हो…" तो म्हणाला. "गोष्टच."

फोन ठेवल्यावर ती हसली. कशी थाप मारली! तो आला की बाकावर बसवून सांगू, बघा, अजून ऐकलाच नाहीये… त्याचा चेहरा कसा होईल, याचं चित्र रंगवत तिने त्या दुपारी एक सुळा चक्क उलटा बसवला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिने एकदा केला. तो कामाबद्दल बोलला, हवेबद्दल बोलला, आईची तब्येत विचारली. सगळं नीट, वायर गुंडाळल्यासारखं.

हिवाळा सरला. एक दिवस कपाटातून काढला तर प्लेअर चालूच होईना. ती तो घेऊन दुकानात गेली.

"बॅटरी फुगलीये," मामा म्हणाले. "न वापरता ठेवलास ना? बस, नवी घालून देतो."

"भाचेबुवा काय म्हणतात?"

"त्याचं काय, झालं की लग्न! तुला कळवलं नाही? कमाल आहे पोराची!" मामांनी भिंग डोळ्याला लावलं. "आमची ताई कधीची मागे लागलेली. हा आपला नाहीच म्हणायचा, थांब म्हणायचा. तिकडे गेल्यावर महिन्याभरात एकदम म्हणाला, तुम्ही ठरवाल तिथे करा. मग ताई थांबतेय होय!… हे घे. बाहेर बस, लावून बघ."

ती बाहेर जाऊन बाकावर बसली. प्लेअर आपली जागा विसरला नव्हता. आता कुणासाठी ठेवायचं होतं? तिने उजवं टोक कानात घातलं. डावं बाकावर पडून राहिलं.

गोष्टीतला सुतार परत आला. उशिरा, पण आला. धक्क्यावर ती उभी होतीच.

एरवी इथे पुस्तक संपे आणि प्लेअर पुन्हा पहिल्या प्रकरणावर जाई. या वेळी खट् झालं. कानातल्या टोकातून दुकानातली घड्याळं ऐकू आली. मामांचा खोकला. मग तो.

"ऐक ना…"

तो तिला कधीच अगं-तुगं करत नसे.

"समोर बसून नाही जमत. तू शेजारी असलीस की माझं बोलणंच… म्हणून एकट्याने ऐक म्हटलं. मी जातोय, पण… नाही, असं नको. थांब, पुन्हा सांगतो. मला तू हवीस. दात तुझे, कान माझे, ते मी थट्टेने नव्हतो म्हणालो. मी फोन करेन. हो असेल, तर नेहमीसारखं विचार – पुढचं कोणतं? मी असेन तिथून निघेन. नसेल, तर त्यातलं काही बोलू नकोस. गोष्टीबद्दल बोल. मला कळेल. मी त्रास नाही देणार."

मागून मामा – "कुणाशी बोलतोयस रे?"

"कुणाशी नाही मामा. प्लेअर तपासतोय."

खट्. आणि सुताराची गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली.

रस्त्यावरून माणसं जात-येत होती. तिने डावं टोक उचललं, मुठीत धरलं. ते गार होतं.

"पुढचं कोणतं?" ती म्हणाली. इतक्या हळू, की तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

मामा काउंटरवरून वाकले. "काही म्हणालीस का गं?"

"नाही मामा."

"आवाज नीट येतोय ना?"

"येतोय," ती म्हणाली. "फारच नीट येतोय."