आप्पांचं राहिलेलं पुस्तक

सरका जवळ, शेकोटी विझत आलीय. मिरजगावात पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारा वाल्मिक तुम्ही पाहिलाय. हे त्याच्याबाबतीत घडलं, मागच्या डिसेंबरात. तारीख नऊ, मंगळवार. अमावस्या-पुनव काही नव्हती. एक पुस्तक आणायला निघाला होता बिचारा, एवढंच.

वाल्मिक, मेडिकलवाला कल्याण आणि सहादेव आप्पा, तिघांनाही रहस्यकथांचं वेड. रविवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून कल्याणच्या दुकानात बसायचे आणि खुनांवर वाद घालायचे. आप्पा जुन्याच्या बाजूचे. आतून कडी लावलेली खोली, गेलेली वीज, घरातलीच चार-पाच माणसं, आणि हेरानं नुसतं डोकं चालवून खुनी धरायचा. त्यांच्या लेखी रहस्यकथा म्हणजे ती. कल्याणचं म्हणणं, त्यात काय नवल? आता गल्लोगल्ली कॅमेरे, खिशाखिशात मोबाईल, ते चुकवून जो खून करील त्याची गोष्ट सांगा. वाल्मिक दोघांचं ऐकायचा आणि चहा सांगायचा.

अडचण एकच होती. आप्पा एसटीत कंडक्टर. तिकिटं फाडून फाडून बोट जिभेला लावायची सवय जडली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. तोंडात अखंड तंबाखू, आणि दात सगळे गेलेले. बोट तोंडात घालायचं, चोखायचं, पान उलटायचं. त्यांच्या हातून आलेल्या पुस्तकाचा प्रत्येक कोपरा तपकिरी, चिकट, आंबूस. वाल्मिक वयाला मान देऊन बोलायचा नाही, पण ते पुस्तक नखानं पानं उलटून वाचायचा.

शेवटचं पुस्तक नवं होतं, पुण्यातल्या कुठल्याशा सोसायटीतल्या खुनाचं. आप्पांनी निम्मं वाचलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, खून नर्सनंच केलाय. कल्याण म्हणाला, आधी पुरं तर करा. ते राहिलं. त्याच आठवड्यात आप्पा झोपेत गेले.

तेरावं उरकल्यावर त्यांच्या बायकोचा, कडूबाईंचा, वाल्मिकला फोन आला. तुमचं पुस्तक तेवढं घेऊन जा म्हणाल्या.

दुकान बंद करून तो कॅनॉलवरच्या वस्तीवर पोचला, तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. थंडी मरणाची. कडूबाईंनी पुस्तक आणून ओट्यावर ठेवलं, चुलीवरच्या चिमट्यात धरून.

"उन्हात घातलं, चुलीपाशी ठिवलं," त्या म्हणाल्या. "वाळतच न्हाई, वाल्मिकभाऊ."

पाणी सांडलं का, असं त्यानं विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं.

पिशवी नव्हती. त्यानं पुस्तक स्वेटरच्या आत खोवलं आणि गाडीला किक मारली. कॅनॉलच्या कडेनं कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंनी ऊस. निम्मी वाट सरली आणि पोट ओलं लागायला लागलं. एवढ्या थंडीत ते ओलं गार नव्हतं. कोमट होतं. गळ्यापाशी वास आला. तंबाखू, आणि सकाळचं न धुतलेलं तोंड.

मोरीच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली. फेकून द्यायचं ठरवूनच पुस्तक बाहेर काढलं. पण वाचणाऱ्या माणसाचा जीव तो. नर्सच होती का, एवढं तरी बघावं. कठड्यावर बसून मोबाईलची बॅटरी लावली.

निम्म्यापर्यंतचे कोपरे थबथबलेले. पान उचललं की लाळेची तार सुटायची. पुढची पानं कोरडी, कोरी करकरीत. आप्पा थांबले होते तिथपासून.

त्यानं नखानं पहिलं कोरडं पान उचललं...

बोट कशात तरी गेलं.

ओलं. ऊन ऊन. मऊ.

दात नव्हते. हिरड्या बोटाभोवती मिटल्या... जीभ फिरली... आणि सोडलं.

बोट आपोआप कोपऱ्यावर गेलं. पान उलटलं.

समोर कोणी नाही. उजेडात नुसतं पुस्तक.

त्यानं हात ओढला. हात येईना. पान वाचून होईल एवढा वेळ सगळं शांत... मग पुन्हा बोट तोंडात. पुन्हा ती जीभ, नखाच्या खाली शिरणारी. तंबाखूचा चोथा बोटाला लागला. वाल्मिक बाजूला वाकून भडाभडा ओकला. पानं उलटतच होती.

ओकून रिकामा झाला, तेव्हा त्याला रडू आलं. बोट मागणारं तोंड कोणाचं, हे त्याला केव्हाच कळलं होतं.

"वाचा, आप्पा," तो म्हणाला. "मी धरतो."

आणि त्यानं धरलं. तोंड वळवून, श्वास कोंडून. बोट जायचं. यायचं. पान. बोट. पान...

शेवटच्या पानावर त्याची नजर गेली. खुनी सोसायटीचा सेक्रेटरी निघाला. नर्सचा काही संबंध नव्हता.

हिरड्या आवळल्या. कडक. हाडापर्यंत...

कितीतरी वेळ.

मग सुटल्या.

कॅनॉलच्या पाण्याचा आवाज परत ऐकू यायला लागला. पुस्तक त्यानं त्याच पाण्यात सोडलं. घरी येऊन राखेनं हात घासला, साबणानं घासला, फिनेल ओतलं. दोन दिवस घास तोंडात घालवेना.

आप्पा परत कोणाला दिसले नाहीत, जाणवले नाहीत. कडूबाई निवांत झोपतात.

पण रेशनच्या दुकानात वाल्मिकचं ते बोट यंत्र घेत नाही. आता सून जाते, निकिता. कल्याणनं दुकानातली होती नव्हती ती मलमं देऊन पाहिली. बोटाचं टोक पांढरंफटक, सुरकुतलेलं, रात्रभर पाण्यात भिजत घातल्यासारखं. माझ्यासमोर त्यानं ते टॉवेलनं खसाखसा पुसलं, अगदी कोरडं केलं, आणि माझ्यापुढं धरलं.

आम्ही दोघं बघत होतो... आणि ते हळूहळू परत ओलं झालं.