निळ्याची हद्द

"नाव सांगा. दात वरचा दुखतोय की खालचा?"

रोह्याच्या बाजारपेठेतल्या दाताच्या दवाखान्यात सुरभीने नोंदवहीतून मान वर न करताच नेहमीचा प्रश्न विचारला.

"नाव जितेश. दात सगळे जागेवर हायत... मासे आणलेत."

तेव्हा कुठे तिने वर पाहिले. आषाढातल्या पावसात नखशिखांत भिजलेला एक तरुण दारात उभा होता. रेनकोट होता, पण तो त्याने अंगात न घालता हातातल्या फुगीर पिशवीभोवती गुंडाळला होता. पिशवीतून चार पिवळेजर्द मासे कुतूहलाने बाहेर पाहत होते.

"माशांना रेनकोट?" सुरभीला हसू आवरेना. "भिजतील म्हणून?"

"हसा तुम्ही. वाऱ्यानं पाणी गार होतं, मग ते हबकतात." त्याने केसांवरचे पाणी निपटले. "पेणपास्नं सांभाळून आणलेत."

दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत सिक्लिड जातीचा एक निळा मासा वर्षानुवर्षे एकटा राज्य करीत होता. डॉक्टरीणबाईंनी मागे हौसेने एक जोडीदार आणून सोडला, तर निळ्याने त्याला दोन दिवसही जगू दिले नव्हते. म्हणून या खेपेला पेणहून जाणकार माणूस बोलावला होता. पेणजवळच्या जोहे गावचा, गणपतीच्या मूर्तींच्या कारखानदाराचा हा मुलगा. मूर्तिकाम घरचे, पण जीव माशांत.

त्याने पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली, निळ्याला पोटभर खाऊ घातले आणि दिवा मालवायला सांगितले. मग बाह्या सरसावून त्याने टाकीतले दगड एकेक करून उचलले.

"ते कशाला हलवता? छान रचलेत की."

"तीच तर गोम हाय. ही गुहा बापजाद्यांची, असं निळ्याला वाटतं. मांडणीच मोडली की तोपण नवा आणि हेपण नवे. मग भांडायचं कशावरून?"

"आणि एकदम चार का?"

"एकटा आला तर सगळा मार एकट्याला. चौघांत राग वाटला जातो." त्याने पाण्यातूनच हात पुढे केला. "तो चपटा दगड द्या जरा."

दगड देताना पाण्यात बोटांना बोटे लागली. क्षणभरच... पण त्या क्षणी जितेशचे लक्ष माशांकडे नव्हते, आणि ते सुरभीच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही.

त्यानंतर तो दर मंगळवारी येऊ लागला. पाणी बदलायचा, काच पुसायचा, आणि काम संपल्यावरही टाकीपुढे रेंगाळायचा.

"गो सुरभे," लादी पुसता पुसता गिरजाबाई एकदा म्हणाल्या, "नागोठण्याच्या हाटेलातली टाकी ह्यो महिन्यातनं एकदा धुतो. हितंच आठवड्याला कसा? ह्ये मासे काय चिखलात लोळतात?"

"तुमचं आपलं काहीतरीच, मावशी!" सुरभी म्हणाली खरी; पण सोमवारी रात्री ओढणी इस्त्री करताना ते वाक्य तिला पुन्हा ऐकावेसे वाटले.

श्रावण लागला आणि एका मंगळवारी जितेश म्हणाला, "आता मासे रुळले. कारखान्यात रंगकाम सुरू झालंय... गणपती होईस्तोवर घरातलं कोणी हलत नाय. आता माझी गरज पण नाय इथं."

"बरं," सुरभी म्हणाली.

त्याने क्षणभर वाट पाहिली. मग तो निघून गेला.

पुढचा मंगळवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. दाराशी मोटारसायकल थांबली की तिची मान आपोआप वळे. कुणीतरी गालफड धरून आत येई. टाकीत पाचही मासे गुण्यागोविंदाने फिरत होते. काही बिनसलेच नाही, तर फोन तरी कोणत्या तोंडाने करायचा?

एके दुपारी दवाखाना बंद असताना तिने बाह्या सरसावल्या. जुनी मांडणी तिला तोंडपाठ होती. तिने एकेक दगड पूर्वीच्या जागी नेऊन ठेवला. थोडी कुरबुर व्हावी, फोन करायला निमित्त मिळावे... याहून तिची मागणी मोठी नव्हती.

निळा मात्र थोडक्यात भागवणारा नव्हता. हरवलेले घर सापडताच तो चवताळला. दुसऱ्या दिवशी सुरभीने दवाखाना उघडला, तेव्हा सर्वांत लहान पिवळा कोपऱ्यात तिरपा होऊन धापा टाकत होता. त्याचे शेपूट चिंधीसारखे फाटले होते.

फोनवर तिला जेमतेम एवढेच बोलता आले, "पिवळा मरतोय... याल का?"

तो जोह्याहून भर पावसात आला. हातांना कोपरापर्यंत मूर्तींचा सोनेरी रंग होता. साबणाने हात खरवडून धुतल्याशिवाय त्याने पाण्याला बोट लावले नाही. जखमी मासा त्याने अलगद जाळीच्या डब्यात घेतला, डबा टाकीतच टांगला, आणि मग त्याची नजर दगडांवर गेली.

"हे कोणी हलवलं?"

गिरजाबाई चटकन पुढे सरसावल्या. "कोण हलवतंय? मीच काच पुसताना..."

सुटकेची वाट समोर उघडी होती. सुरभीने एकवार त्या फाटक्या शेपटीकडे पाहिले.

"नाही, मावशी. मी हलवले."

गिरजाबाई बादली घेऊन मुकाट्याने मागच्या दारी गेल्या.

"तुम्ही?" त्याचा आवाज खाली आला. "जुनी मांडणी का मोडायची ते तुम्हाला सांगितलं होतं ना मी?"

"म्हणूनच हलवले. हे भांडले असते, तर तुम्हाला बोलावता आलं असतं..." तिचे डोळे भरून आले. "इतकं होईल असं वाटलं नव्हतं."

त्याने सगळे दगड पुन्हा विस्कटले आणि चपटा दगड तिच्या हाती दिला. "ठेवा. कुठं पण ठेवा, फक्त जुन्या जागी नको."

तिने तो दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला.

"मुका जीव हाय तो. पुन्हा असं करायचं नाय."

"नाही करणार."

"मला बोलवायचं असलं तर फोन करायचा."

"काय सांगून?"

"काय नाय सांगायचं." तो हात पुसत होता, पुसून कोरडे झाले तरी पुसतच होता. "नुसतं 'या' म्हणायचं. त्या दिवशी 'बरं' म्हणालात ना... नागोठण्यापर्यंत तेच कानात होतं."

सुरभीने ओले गाल मनगटाने टिपले.

"पिवळा जगेल ना?"

"जगेल. शेपूट पुन्हा येतं त्यांचं. तो डब्यातच राहू दे, आठवड्यानं सोडू."

पुन्हा आठवडाभर वाट! तो दाराशी पोचला. पायरीवर पन्हाळीचे पाणी कोसळत होते. ती टेबलामागून उठली आणि म्हणाली,

"उद्या या."

तो थांबला. "उद्या?"

"उद्या. टाकीचं काहीच काम नाही... तरी."

जितेशने मागे वळून पाहिले. त्याच्या कानाच्या पाळीवर सोनेरी रंगाचा एक ठिपका धुवायचा राहून गेला होता.

"मग नक्की येतो," तो म्हणाला.